टेबलाची घंटी, पेटीची घंटी

ऑफिसात तिला सगळे सिस्टर म्हणायचे. हुद्दा प्रोग्रामरचा होता, पण चौदा वर्षं नर्स म्हणून काढलेल्या बाईचं चालणं-बोलणं काही केल्या बदलत नाही. चहाचा कप उचलायच्या आधीसुद्धा ती कोपरापर्यंत हात धुवायची. मी तिच्या समोरच्या टेबलावर बसायचो. मी चाचण्या लिहितो, म्हणजे दुसऱ्याचा प्रोग्राम ठरल्याप्रमाणे वागतो की नाही हे तपासणारे छोटे प्रोग्राम. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात माझाही वाटा होता.

चौदांपैकी नऊ वर्षं तिने नवजात बाळांच्या कक्षात काढली होती. मग मोठ्यांच्या वॉर्डात बदली झाली. तिथे एका जाडजूड पेशंटला कुशीवर वळवताना पाठीत कळ आली आणि ती कळ कायमची मुक्कामाला राहिली. आठ तास उभं राहणं बंद. नवरा शहरातल्या बसवर ड्रायव्हर, मुलगी आठवीत, आणि ही अडतिसाव्या वर्षी भिंतीला पाठ टेकून घरात बसलेली. धाकट्या नणंदेचा कॉम्प्युटर क्लास होता. ती एक दिवस येऊन म्हणाली, "वहिनी, घरी बसून माझ्या भावाचं डोकं खाण्यापेक्षा वर्गात येऊन माझं खा." सिस्टर गेली. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांमध्ये मागच्या बाकावर, पाठीला उशी लावून, दोन वर्षं शिकली. पोरं तिला काकू म्हणत आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी तिच्याच वह्या मागून नेत.

आमच्या कंपनीला अशीच बाई हवी होती. कमी दिवसांच्या बाळांना ज्या काचेच्या पेट्यांमध्ये ठेवतात, त्या पेट्यांना लावायचा एक डबा आम्ही बनवतो. डबा बाळाचं तापमान मोजतो आणि नर्सच्या टेबलावरच्या पडद्याला कळवतो. काही बिघडलं तर दोन घंट्या वाजतात, एक पेटीवर आणि एक टेबलावर. पेटीवरची घंटी नर्स बटण दाबून गप्प करू शकते, कारण पुसापुशी करताना, कपडे बदलताना ती सारखी कोकलते आणि शेजारची बाळं दचकतात. टेबलावरची घंटी मात्र कोणालाच बंद करता येत नाही. पेटीची घंटी गप्प करून एखादी नर्स विसरली तर सावरायला म्हणूनच ती ठेवलेली.

हा सगळा प्रोग्राम मूळचा मास्तरांनी लिहिलेला. मास्तर म्हणजे एक निवृत्त गणित-शिक्षक. त्यांनी कंपनीत सात वर्षं काढली आणि मग गुडघ्यांनी दगा दिला म्हणून घरी बसले. त्यांचा प्रोग्राम चोख चालायचा, पण लिहिण्याची तऱ्हा वेगळी. आता ही तऱ्हा थोडी समजावून सांगायला हवी, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही.

प्रोग्राममध्ये पेटीचा एक साचा असतो. त्यात पेटीने करायची कामं एकदाच लिहून ठेवतात, मग कक्षात अकरा पेट्या असोत की चाळीस. पण काम करायची वेळ आली की ते नेमक्या कोणत्या पेटीने करायचं? त्यासाठी प्रत्येक कामाच्या सुरुवातीला एक शब्द लिहितात, ज्याचा अर्थ असतो 'जिला हे काम सांगितलंय ती स्वतः'. आम्ही जी भाषा वापरतो तिच्यात हा शब्द कोणता असावा याची सक्ती नाही. तुम्ही 'बटाटा' लिहिलंत तरी भाषा हूं का चूं करत नाही. पण सगळे लोक 'सेल्फ' लिहितात. रीतच तशी पडली आहे, आणि रीत असल्यामुळे कोणाचाही प्रोग्राम उघडला तरी डोळा बरोबर तिथे जातो.

मास्तर ती रीत पाळत नसत. पेटीच्या साच्यात ते 'पेटी' लिहीत, टेबलाच्या साच्यात 'टेबल'. शिवाय जागोजागी शिक्षकी शेरे मारून ठेवत. 'इथे शहाणपणा करू नये.' 'आधी विचार, मग बोटं.' प्रोग्राम वाचताना छडी घेऊन कोणी मागे उभं आहे असं वाटायचं.

त्या वर्षी बाहेरचे तपासनीस येणार होते. आमच्या साहेबांनी फर्मान काढलं की सगळीकडे एकच रीत हवी, 'सेल्फ' म्हणजे 'सेल्फ'. साहेब म्हणजे आमचा टीम लीड, वय बत्तीस, माणूस हुशार आणि कायम घाईत. हे काम सिस्टरने आपणहून मागून घेतलं. तिला मास्तरांची तऱ्हा कधीच आवडली नव्हती. "वॉर्डात औषधाच्या ट्रेमध्ये कात्री डावीकडे म्हणजे डावीकडे," ती म्हणायची. "प्रत्येकीने आपल्या सोयीने ठेवली तर नेमक्या वेळेला हात रिकामा येतो."

दोनशे अकरा जागा निघाल्या. दोन दिवसांत तिने सगळ्या बदलल्या. मास्तरांचे शेरेही उडवले. काही मला वाचून दाखवले, आम्ही हसलो. साहेबांनी बदल मंजूर केले. माझ्या चाचण्या चालवल्या, सगळ्या हिरव्या. सोमवारी सकाळी नवी आवृत्ती दोन हॉस्पिटलांत चढली. त्यातलं एक सिस्टरचं जुनं हॉस्पिटल होतं.

गुरुवारी अकराच्या सुमारास तिचा फोन वाजला. पाठीच्या दुखण्यामुळे मान वाकवता येत नाही म्हणून ती फोन नेहमी स्पीकरवर टाकायची, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. तिच्या जुन्या कक्षाची इन्चार्ज नर्स बोलत होती. दोघी एकाच बॅचच्या, अगदी अगं-तुगंतल्या.

"अगं, तुझं अभिनंदन करायला फोन केला," इन्चार्ज म्हणाली. "नवीन आलंय ना ते काय ते, झकास आहे. टेबलावरची कटकट गेली बघ. सोमवारपासून एकदासुद्धा कोकललं नाही."

सिस्टरचा हात कीबोर्डवर होता तिथेच राहिला.

"एकदासुद्धा नाही?"

"नाही ना. शांत. आम्हाला तर वाटलं आपल्याला बढती मिळाली."

"कक्षात पेट्या किती भरल्यात आज?"

"नऊ. का गं?"

नऊ पेट्या, तीन दिवस, आणि टेबलावर एकही घंटी नाही. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. सिस्टरच्या चेहऱ्याचा रंग मात्र उतरला. एवढ्या काळात एखादी वायर सुटते, एखादं झाकण उघडं राहतं, टेबल दिवसाला दहादा तरी ओरडतंच. नऊ वर्षं त्या आवाजात वावरलेल्या बाईला शांततेचा अर्थ कळला.

"ऐक," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. तो आमच्या ऑफिसातला आवाज नव्हता. "रिकाम्या पेटीचा तापमापक मुठीत घट्ट धर. त्या पेटीची घंटी बटणाने गप्प कर. दोन मिनिटं थांब आणि टेबलाकडे बघ."

दोन मिनिटं फोनवर नुसती पावलं आणि यंत्रांची घरघर. मी घड्याळाकडे बघत होतो. सिस्टर पडद्यावर मास्तरांची जुनी पानं उघडत होती, भराभर, एकामागून एक.

"काही नाही वाजलं," इन्चार्ज म्हणाली. आता तिच्या आवाजातली गंमत गेली होती. "पडद्यावर आकडा लाल झालाय. पण आवाज नाही."

"टेबलावर विश्वास ठेवू नकोस. सगळ्या पेट्या हाताने तपास, आत्ता. प्रत्येक बाळाला साधा थर्मामीटर लाव. कोणाची घंटी गप्प करून ठेवलीय ते आधी बघ."

"आम्ही तिघीच आहोत गं."

"मग तिघी धावा. फोन ठेवू नकोस."

तेवढ्यात तिला ते पान सापडलं. मी उठून तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. टेबलाच्या साच्यात एक काम होतं आणि त्या कामाच्या पोटात पेटीचं एक काम लिहिलेलं होतं. मास्तरांच्या जुन्या प्रतीत बाहेरच्या कामाचा पहिला शब्द होता 'टेबल', आतल्याचा 'पेटी', आणि आतली ओळ सांगत होती, टेबल, तुझी घंटी वाजव. नव्या प्रतीत दोन्ही ठिकाणी 'सेल्फ' झालं होतं. आतल्या 'सेल्फ'ने बाहेरच्याला झाकून टाकलं होतं. ओळ आता पेटीलाच सांगत होती, तू तुझी घंटी वाजव. आणि घंटी पेटीलाही असल्यामुळे प्रोग्राम कुठे अडला नाही, तक्रारही केली नाही. नर्सने गप्प केलेली घंटी तो इमानदारीने वाजवत राहिला.

"दारावर थाप पडली की आपण विचारतो, कोण आहे, आणि बाहेरचा म्हणतो, मी," सिस्टर हळूच म्हणाली. "आत बसलेलाही मीच की." मग तिने जुन्या प्रतीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. मास्तरांचा शेरा होता. 'इथली दोन नावं दोनच राहू द्यावीत.'

"हा मी खोडला," ती म्हणाली. "वाचला, आणि खोडला."

मी माझी चाचणी उघडली. ती एवढंच विचारत होती, घंटी वाजली का? कोणाची, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

फोनमधून इन्चार्जचा आवाज आला, तुटक, धाप लागलेला. "सात नंबर. तापमापक सुटलाय अंगावरून. पेटीला वाटलं पोरगी गार पडली, ती तापत गेलीय. अडतीस सहा. पोरगी लाल झालीय गं, हालचाल कमी आहे. घंटी सकाळी पुसताना गप्प केली होती, ती तशीच राहिली."

"झाकण उघड. हीटर बंद. कपडे काढ, ओल्या फडक्याने पुसू नकोस, एकदम गार नको व्हायला. डॉक्टर?"

"बोलावलेत."

"श्वास मोज. मोठ्याने मोज."

इन्चार्ज मोजायला लागली. फोनवर एकेक आकडा येत होता. ऑफिसातली सगळी माणसं आमच्या टेबलाभोवती जमली होती, साहेबही.

पूर्ण मिनिट संपलं. "अडुसष्ट," इन्चार्ज म्हणाली. "जलद आहेत, पण एकसारखे आहेत. डॉक्टर आले."

सिस्टरने पहिल्यांदा डोळे मिटले, एक क्षणच. मग साहेबांकडे वळली. "दुसरं हॉस्पिटल."

साहेब म्हणाले, "थांबा, सिस्टर. आधी आपण नीट खात्री करू. वर कळवायला लागेल. लेखी काय जाणार ते ठरवू, मग..."

"तुम्ही वर कळवा. मी खाली कळवते," ती म्हणाली आणि नंबर फिरवला.

पलीकडे फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. हॉस्पिटलच्या मुख्य नंबरवर एक बाई म्हणाली, कक्षाची लाइन सकाळपासून खराब आहे, निरोप ठेवा. "निरोप नाही, माणूस पाठवा," सिस्टर म्हणाली. बाई म्हणाली, बघते. ते 'बघते' ऐकून सिस्टर उठली.

"जुनी आवृत्ती परत चढवा," तिने साहेबांना सांगितलं. "किती वेळ?"

"वीस मिनिटं. दोन्हीकडे पडदे बंद करून चालू करायला लागतील."

"मी दहात पोचते."

मी तिच्याबरोबर गेलो. तीन मजले ती कठडा धरून उतरली, टॅक्सीत दातांवर दात ठेवून बसली. पाठीला धक्का बसला की तोंडातून आवाज निघायचा, पण थांब म्हणाली नाही. एका सिग्नलला गाडी अडकली तेव्हा तिने नवऱ्याला फोन लावला. तो गाडीवर होता, उचलणार नाही हे तिलाही माहीत होतं. तिने फोन मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "तिथे किती पेट्या आहेत?"

"चौदा," मी म्हणालो.

दारावरच्या रखवालदाराने अडवलं. भेटायची वेळ चार ते सहा. सिस्टर त्याच्याकडे बघून म्हणाली, "दादा, मी नर्स आहे. आत बाळांच्या कक्षात बिघाड आहे. तुम्ही माझ्याबरोबर चला, वाटलं तर हात धरून चला, पण चला." रखवालदार खरंच बरोबर निघाला. त्यानेच दारं उघडली.

कक्षात गेल्यावर तिने आधी हात धुतले. एवढ्या गडबडीतही धुतले, पुरते. मग तिथल्या नर्सला चार वाक्यांत सांगितलं. ती नर्स तरुण होती, पहिल्यांदा तिला काही कळेना, मग कळलं आणि ती हबकली. सिस्टरने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "रडायचं नंतर. तू डावी रांग, मी उजवी."

काचेबाहेरून मी दोघींच्या पेट्या मोजत होतो. एकेक पेटी. वाकायचं, हात घालायचा, थर्मामीटर लावायचा, थांबायचं, आकडा सांगायचा. तिसऱ्या पेटीची घंटी गप्प केलेली निघाली, बाळ ठीक होतं. नवव्या पेटीचीही. पाठीच्या दुखण्याने ती प्रत्येक वेळी काचेला धरून सरळ व्हायची. अकरावी, बारावी, तेरावी. चौदाव्या पेटीचा आकडा सांगून झाला तेव्हा पडदा एकदा काळा झाला, परत उजळला, आणि टेबल कोकलायला लागलं. तरुण नर्सने कानावर हात ठेवले. सिस्टर त्या आवाजाखाली खुर्चीत बसली आणि मग तिला उठता येईना.

दुपारी साडेतीनला तिच्या जुन्या हॉस्पिटलातून कळलं की सात नंबरचं तापमान उतरलं. दूध पीत होती. तरीही दोन दिवस डॉक्टरांनी नजर ठेवली आणि ते दोन दिवस आमच्यापैकी कोणीही धड जेवलं नाही.

संध्याकाळी सिस्टरने मास्तरांना फोन लावला. मला वाटलं मास्तर झाडणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई, चूक माझीही आहे," ते म्हणाले. "रीत चांगलीच होती. मीच हट्टाने पाळली नाही. आणि शेरा लिहिला तो हुकमासारखा. का, ते लिहिलं नाही. वर्गातही माझी पोरं हीच तक्रार करायची."

"मी विचारायला हवं होतं, मास्तर."

"हवं होतं," मास्तर म्हणाले. त्यांनी ते गोड करून सांगितलं नाही.

चौकशी बसली. कंपनीचे दोन वरिष्ठ, हॉस्पिटलचा एक डॉक्टर. आदल्या दिवशी साहेबांनी सिस्टरला बाजूला घेऊन सुचवलं होतं की शेऱ्याची गोष्ट काढायची गरज नाही, जुनी प्रत कोण उघडून बघतंय. चौकशीत पहिलंच वाक्य तिचं होतं. "सूचना लिहिलेली होती. मी ती वाचली आणि खोडली." मग मी माझ्या चाचणीबद्दल सांगितलं. तिच्यानंतर बोलायचं असल्यामुळे सोपं गेलं. शेवटी साहेबांना विचारलं, हे बदल तपासले कोणी? "मी," साहेब म्हणाले. "दोनशे अकरा जागा मी अकरा मिनिटांत मंजूर केल्या. तेवढ्यात त्या वाचून होत नाहीत."

पण सिस्टरला सर्वांत जड गेलं ते वेगळंच. सात नंबरच्या आईला सांगायचं होतं. हॉस्पिटलने सांगितलं होतं, पण "यंत्रात बिघाड" एवढंच. सिस्टर म्हणाली, मी जाते. इन्चार्जने तिला समजावलं, "अगं, कशाला अंगावर घेतेस? बाई बाळंतीण आहे, घाबरेल." तरी ती गेली. मी दाराशी उभा होतो.

आई पंचविशीची असेल, एका कारखान्यात शिलाईवर काम करणारी. सिस्टरने खुर्ची ओढली आणि 'सेल्फ'-बिल्फ काही न काढता सांगितलं. "तुमच्या मुलीची घंटी टेबलावर वाजायला हवी होती. ती वाजली नाही, कारण मी एक नाव बदललं. मी समजून न घेता बदललं."

आईने विचारलं, "किती वेळ?"

"एक तास दहा मिनिटं."

"ती एक तास दहा मिनिटं तापत होती आणि मी पलीकडच्या खोलीत झोपले होते."

"हो."

आई रडली नाही, ओरडलीही नाही. "तुम्ही जा," ती म्हणाली. "मला तुम्हाला काही म्हणायचं नाहीये. माफबिफ मी करणार नाही. पण तुम्ही जा आणि ते नीट करा."

सिस्टर उठली आणि आली.

तिला सहा महिने त्या प्रोग्रामपासून दूर ठेवलं, माझ्याबरोबर चाचण्यांवर. साहेबांची बढती अडली. ते वर्षभराने दुसरीकडे गेले, पण जाईपर्यंत प्रत्येक बदल स्वतः वाचून मगच मंजूर करत. मास्तर काठी टेकत चार दिवस ऑफिसात येऊन बसले आणि पेटीचं ते काम टेबलाच्या पोटातून बाहेर काढून त्यांनी वेगळं लिहिलं. एकात एक काही राहिलं नाही, त्यामुळे कोणी कोणाला झाकायचा प्रश्नच उरला नाही. पहिला शब्द त्यांनी मुकाट्याने 'सेल्फ' लिहिला. खाली शेरा लिहिला तोही लांबलचक, कारणासकट.

ती मुलगी एकोणिसाव्या दिवशी घरी गेली. इन्चार्जने फोन करून सांगितलं, वजन दोन किलो शंभर. सिस्टरने आकडा ऐकला, 'बरं' म्हणाली, आणि आम्ही दोघं पुढची चाचणी लिहायला लागलो. तिच्यात दोन टेबलं होती आणि सहा पेट्या, आणि दर वेळी कोणाची घंटी वाजली हे नावानिशी विचारलेलं होतं.